रिकामा रकाना कोण भरणार?

(पत्र बरंच लांब आहे म्हणून थोडक्यात देतेय. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.)

घोडबंदर रोडवरच्या एका पस्तिशीतल्या मैत्रिणीचं पत्र. ती हिंदू घरातली, नवरा वसईचा मराठी कॅथलिक. स्पेशल मॅरेज ॲक्टखाली रजिस्टर लग्न केलं, कोणी धर्म बदलला नाही. लग्नाआधीच दोघांचं ठरलं होतं की मुलाला कुठल्याच धर्माचं लेबल लावायचं नाही, अठरा वर्षांचं झालं की त्याचं ते ठरवेल. आता लेक साडेपाच वर्षांची आहे आणि पहिलीच्या ॲडमिशनच्या फॉर्ममधे 'धर्म' आणि 'जात' असे दोन रकाने आलेत. सासूबाई पाच वर्षं बाप्तिस्म्याचं म्हणतायत, या नाताळला तर रडल्याच. वडील म्हणतात सरळ हिंदू लिही, नाहीतर उद्या इस्टेटीला, लग्नाला अडेल. त्यात गणपतीत सोसायटीच्या गार्डनमधे एका मोठ्या मुलीने लेकीला विचारलं, तू हिंदू का ख्रिश्चन? ती म्हणाली, "मी सीनियर केजी." सगळी मुलं हसली, ती रडत घरी आली. मैत्रीण विचारते: आम्ही तिचं स्वातंत्र्य जपतोय की तिला अधांतरी सोडलंय? आणि फॉर्ममधे लिहू काय?

अगं, तू मला ताई म्हणालीस म्हणून मी सरळ 'तू'वर येते.

आधी लेकीचं. "मी सीनियर केजी" या उत्तरात चूक काहीच नाही. तिला विचारलं तू कोण, तिने तिला माहीत असलेला सगळ्यात मोठा गट सांगितला, साडेपाच वर्षांच्या मुलीने यापेक्षा शहाणं उत्तर काय द्यायचं. ती रडली ती धर्म नाही म्हणून रडली असं तुझं झालंय, मला तसं वाटत नाही. बाकीच्या पोरांना माहीत असलेली एक गोष्ट आपल्याला माहीत नाही, आणि ती आपल्या आईबाबांनीच सांगितली नाही, हे तिला सगळ्यांसमोर कळलं. आपल्याला सोडून सगळ्यांना जोक कळल्यावर कसं वाटतं, तसं.

हे मी इतक्या खात्रीने सांगतेय कारण माझं झालंय. आमच्या वडिलांनी पण तुमच्यासारखंच ठरवलं होतं, घरात जात आणि धर्म हे शब्दच नाहीत. चौथीत कसलातरी फॉर्म भरायला बाई रजिस्टर घेऊन बसल्या आणि एकेकाला टेबलापाशी बोलवून मोठ्याने विचारत होत्या. माझ्या पुढे एक बेने इस्रायली मुलगा होता, ठाण्यात तेव्हा बरीच घरं होती त्यांची. बाईंनी विचारलं धर्म, तो म्हणाला ज्यू. बाई म्हणाल्या म्हणजे काय, ख्रिश्चन का मुसलमान? तर हा शांतपणे म्हणाला, "दोन्ही नाही बाई, शनिवार तेली. आम्ही कोकणात तेल काढायचो आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचो." आजीने घोटून घेतलं असणार, पाठ होतं त्याला. बाईंनी पेन खाली ठेवून त्याला अजून दोन प्रश्न विचारले, वर्गातली पोरं पण ऐकायला लागली. मग माझा नंबर. मी म्हणाले, "माहीत नाही बाई." बाईंनी माझ्याकडे बघितलंच नाही, आडनाव बघितलं आणि लिहून टाकलं. धर्म लिहिला, जात पण लिहिली, आणि जात लिहिली ती चुकीची! ती चूक माझ्याबरोबर दहावीच्या दाखल्यापर्यंत आली आणि ती निस्तरायला वडिलांनी ज्या चपला झिजवल्या त्या त्यांच्या तत्त्वात बसत नव्हत्या, एवढंच म्हणते.

म्हणजे रिकामा रकाना रिकामा राहत नाही गं. कोणीतरी भरतंच. क्लार्क भरतो, शेजारचे भरतात, गार्डनमधली मोठी मुलगी भरते. आणि तुमचं तर आडनावच (छापत नाही, पण वसईचं आहे) वाचल्याबरोबर निम्मं ठाणे स्टेशन सांगेल कुठलं ते. धर्माच्या ओळीवर तुम्ही हात राखून ठेवलात आणि आडनावाच्या ओळीवर सगळं लिहून बसलात.

आता मला खरं जे बोलायचंय ते, आणि रागावू नकोस. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात तू लिहिलंयस की आमच्या घरात धर्म असा काही नाहीच, "आपलं कल्चर म्हणून थोडंफार करतो." मग त्याच पत्रात बारसं आहे, गुरुजी बोलवून केलेलं. उष्टावण आहे. आईने दिलेला छोटा देव्हारा आहे, संध्याकाळी दिवा लागतो, लेक शुभंकरोती म्हणते. माहेरचा दीड दिवसाचा गणपती आहे, त्यात ती टाळ वाजवते. आणि बाप्तिस्मा? तो मात्र लेबल. हे कसं काय? तुझ्याकडचं ते कल्चर आणि त्याच्याकडचं तो धर्म, अशी वाटणी तुमच्या घरात कधी झाली ते बहुतेक तुला पण माहीत नसेल. मुद्दाम केली नसणार, मला खात्री आहे. आपल्या आजूबाजूला सगळे जे करतात ते आपल्याला धर्म वाटतच नाही, हवा वाटते. सोसायटीत सत्यनारायण असला की नोटीस लागते "सर्वांनी लाभ घ्यावा", तेव्हा कोणाच्या मनात येतं का की हा एका धर्माचा कार्यक्रम आहे? पण तिसऱ्या मजल्यावरच्या आँटींनी रोझरी ठेवली की लगेच "त्यांचं काहीतरी आहे."

सासूबाई नाताळला रडल्या त्या बाप्तिस्म्यासाठी रडल्या असतील, पण त्यांना दिसत असणारच की नातीला लेबल लागलेलं आहे, फक्त ते त्यांच्याकडचं नाही. तुमच्या करारात लिहिलं होतं कुठलंच नाही, आणि झालं काय तर एकाचं.

आणि नवरा. "त्याला काही फरक पडत नाही" असं एक वाक्य लिहून तू पुढे गेलीस. खरंच नाही पडत? हाच माणूस २४ डिसेंबरला रात्रीच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) गावी जातो, गुड फ्रायडेला मटण खात नाही, हे पण तूच लिहिलंयस. फरक पडत नाही असं म्हणणारी बरीच माणसं भांडण नको म्हणून तसं म्हणतात, त्यातून तो इथे अल्पसंख्याक, तुझ्या माहेरी पण आणि सोसायटीत पण, त्याला गप्प बसायची सवय असेल. त्याला विचार. फॉर्मचं नाही, हे विचार की लहानपणी चर्चमधलं त्याला काय आवडायचं, आणि त्यातलं काय लेकीला मिळालं नाही तर त्याला चुटपुट लागेल. आणि मधे बोलू नकोस.

आता ते अठरा वर्षांचं. हे मला नेहमी गमतीचं वाटतं, की अठरावा वाढदिवस होईल, केक कापला जाईल आणि मग पोरगी मेनूकार्ड उघडून धर्म निवडेल. दहावीनंतरची साईड निवडताना निदान मार्क तरी असतात. काहीच चाखलं नसेल तर निवडणार कशातून? लोक यावर भाषेचं उदाहरण देतात, की मातृभाषा शिकवायला आपण अठरा वर्षं थांबत नाही, मग धर्माला का थांबायचं. मला ते पूर्ण पटत नाही. मराठी शिकलं म्हणून गुजराती खोटी ठरत नाही, आणि दुसरी भाषा शिकायला पहिली सोडावी लागत नाही. धर्मात दावे असतात. कोण खरा देव, कोण तरणार, कोण आपलं, कोण परकं. म्हणून माझ्यापुरते मी दोन भाग करते. एक चवीचा भाग: दिवे, गाणी, गोष्टी, मोदक, ताऱ्याचा कंदील, वसईच्या सणाचं जेवण, आजीचं गुणगुणणं. हा भाग दोन्हीकडचा भरभरून द्यायचा, यात हात आखडायचं काही कारण नाही. दुसरा दाव्याचा भाग. तो द्यायचा पण नावानिशी द्यायचा: "वसईची आजी असं मानते. ठाण्याची आजी तसं मानते. बाबा थोडं मानतो. मी नाही मानत. तुला काय वाटतं ते तू मोठी होता होता बघ, आणि बदललं तरी चालेल." पाच वर्षांच्या मुलांना 'अमुक असं मानतो' हे छान कळतं गं, आपण उगाच त्यांना कमी समजतो.

जोतीराव फुल्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म'मधे एक घर रंगवलंय, ते पुस्तक त्यांच्यामागे १८९१ साली निघालं. त्या घरात बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी (म्हणजे फुल्यांनी मांडलेल्या धर्माचा), आणि कोणी कोणाचा द्वेष करत नाही. आपण हे नेहमी 'बघा किती पुढचा विचार' म्हणून सांगतो, पण त्यातली एक बारीक गोष्ट सुटते. त्या घरातला प्रत्येक जण आपापलं पुस्तक वाचून ठरवतो. म्हणजे घरात ती पुस्तकं होती. तुमच्या घरात बायबल आहे का? लेकीला एकातरी साध्या मराठी गोष्टीतून येशू कोण हे माहीत आहे का? गणपतीला हत्तीचं डोकं कसं आलं हे तिला माहीत आहे हे मी पैजेवर सांगते.

एक सोपी गोष्ट करा, या रविवारीच. तिला घेऊन तलावपाळीला जा. कौपिनेश्वरात जा, मग तिथून जवळच सेंट जॉन चर्च आहे तिथे दहा मिनिटं बाकावर बसा, मग टेंभी नाक्याला चालत जा, तिथे १८७९ सालचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, ते बाहेरून दाखवा आणि शनिवार तेल्यांची गोष्ट सांगा, तिथलंच जैन मंदिर दाखवा. आणि प्रत्येक ठिकाणी नाव घेऊन सांगा हे कोणाचं. नाव घ्यायला घाबरू नका. आमच्या घरात शब्दच नव्हते, त्यामुळे मला ते बाहेरून शिकावे लागले, आणि बाहेरून शिकलेले हे शब्द बहुतेक वेळा शिवी म्हणूनच आधी कानावर येतात.

आणि त्या गार्डनसाठी तिला एक वाक्य द्या, त्या मुलाच्या आजीने दिलं तसं. "माझी आई हिंदू घरातली, बाबा ख्रिश्चन घरातला, आमच्याकडे गणपती पण असतो आणि नाताळ पण." बस. हे खरं आहे, ती पाठ करू शकते, आणि यात 'मी कोण' हे ठरवावं लागत नाही, आईबाबा कोण एवढंच सांगायचंय. मूल सांगू शकतं ते तेवढंच. दोन-तीनदा घरात खेळाखेळात म्हणून घ्या म्हणजे वेळेवर आठवेल.

आता फॉर्म, तू त्याचीच वाट बघत असशील. आधी एक बघ: तिच्या आधारवर धर्म नाही, पासपोर्टवर नाही, जन्मदाखल्यावर नाही. (जन्माची नोंद करताना आकडेवारीसाठी विचारतात, पण हातात येणाऱ्या दाखल्यावर तो रकाना नसतो.) खरा प्रश्न येतो तो शाळेचाच, कारण जनरल रजिस्टरमधे जे लिहिलं जातं तेच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरतं, आणि एकदा शाळा सोडली की ते बदलणं महाकटकटीचं. मुंबई हायकोर्टाने २०१४ मधे स्पष्ट सांगितलंय की कुठलीही सरकारी यंत्रणा कोणाला धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही आणि फॉर्ममधे 'धर्म नाही' असं म्हणायचा हक्क माणसाला आहे, घटनेच्या २५ व्या कलमातलं सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य म्हणतात ते हेच. म्हणजे रिकामं सोडणं बेकायदा वगैरे काही नाही. पण मी रिकामं सोडू नकोस म्हणेन, का ते वर सांगितलं. रेघ मार, किंवा लिही "सांगू इच्छित नाही", किंवा तुम्हा दोघांना पटत असेल तर सरळ "आई हिंदू, वडील ख्रिश्चन". ऑनलाइन भरायचं असेल आणि काहीतरी निवडल्याशिवाय पुढे जात नसेल तर 'इतर' असेल ते निवड. सोबत मुख्याध्यापकांच्या नावाने चार ओळींचा अर्ज दे, दोघांच्या सहीचा, त्याची पोच घे. क्लार्कशी तत्त्वावर भांडायला जाऊ नकोस, त्या बिचाऱ्याला दीडशे फॉर्म चढवायचे असतात. आणि हे विसरू नकोस: ॲडमिशन झाल्यावर महिन्याभराने जाऊन रजिस्टरमधली नोंद स्वतःच्या डोळ्यांनी बघून ये. आडनाव बघून भरलं असेल तर तेव्हाच बदलून मिळतं. शाळेत धर्माचं शिक्षण किंवा प्रार्थना असेल तर कलम २८ प्रमाणे सरकारमान्य शाळेत त्याला पालकांची संमती लागते, हे पण त्याच भेटीत विचारून घे, दोनदा खेटे नकोत.

बाबांना सांग इस्टेटीची काळजी नको. तुमचं लग्न स्पेशल मॅरेज ॲक्टचं, आणि दोघं वेगळ्या धर्मांचे, त्यामुळे तुमच्या दोघांच्या आणि तुमच्या मुलांच्याही मालमत्तेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो, लेकीच्या फॉर्ममधे काय लिहिलंय याच्याशी त्याचा संबंध नाही. तरी मृत्युपत्र करा, आणि त्यात तुम्हा दोघांना काही झालं तर तिला कोणी वाढवायचं हे लिहा, कारण तुमच्यासारख्या घरात खरी ओढाताण तिथे होते. लग्नाचं अडेल म्हणतात, तर ती साडेपाचची आहे, राहू दे.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक, कारण मला माहितेय यावर मेल येणार. हा सल्ला सगळ्यांना सरसकट लागू नाही. ज्यांच्या घरात अनुसूचित जातीचा किंवा ओबीसीचा दाखला लागणार आहे त्यांनी रकान्यात प्रयोग करायच्या आधी दहा वेळा विचार करा. जात पडताळणी समिती वडिलांच्या, आजोबांच्या शाळेच्या नोंदींपर्यंत मागे जाते, आज तुम्ही तत्त्व म्हणून सोडलेली जागा नातवाच्या वेळी तुटलेली कडी ठरू शकते. अनुसूचित जातीच्या बाबतीत तर धर्माचाही संबंध येतो, १९५० च्या आदेशात आधी काही शीख जाती सोडल्या तर फक्त हिंदू होते, १९५६ ला सगळे शीख आणि १९९० ला बौद्ध आले. आणि ज्या घरांनी १९५६ नंतर 'बौद्ध' हा शब्द स्वतः निवडून, किंमत मोजून, अभिमानाने त्या रकान्यात लिहिला, त्यांना जाऊन लेबल वाईट असतं असं मी सांगणार नाही, माझी हिंमत पण नाही. लेबल नको म्हणणं हे बऱ्याचदा ज्यांना लेबलामुळे कधी काही सोसावं लागलं नाही त्यांना सोपं जातं, माझ्या वडिलांसकट.

शेवटी बाप्तिस्मा. "करून टाकू, सासूबाईंना बरं वाटेल, पाणीच तर घालतात" असं तू एका ठिकाणी लिहिलंयस. असं नको करूस. तिथे आईबापांना आणि गॉडपेरेंट्सना शब्द द्यावा लागतो की मुलाला या श्रद्धेत वाढवू, आणि तशी काही आशाच दिसत नसेल तर फादर थांबा म्हणू शकतात. मनात नसताना तो शब्द देणं हा सासूबाईंच्या श्रद्धेचा मान नाही, उलट आहे. बाप्तिस्मा कुठल्याही वयात घेता येतो, दार बंद होत नाही, हे त्यांना पण माहीत आहे. पण नाही म्हणायचं तर मोकळ्या हाताने नाही म्हणू नका. लेकीला महिन्यातून एक रविवार आजीबरोबर मिस्साला जाऊ दे. आजीच्या बोलीतली प्रार्थना शिकू दे, तशी बोली तिला तुझ्याकडून मिळायची नाही. अट एकच, आणि ती दोन्ही आज्यांना सारखी: भीती घालायची नाही. वसईत नरकाची नाही आणि ठाण्यात "देवबाप्पा शिक्षा करेल"ची नाही.

दोन-तीन वर्षांत चुलत बहिणींचं पहिलं कम्युनियन (चर्चमधे पहिल्यांदा प्रसाद घेण्याचा सोहळा) येईल, पांढरे फ्रॉक, डोक्यावर फुलांचा मुकुट, फोटो, केक. लेक म्हणणार मला पण. तेव्हा घाबरून जाऊ नका, आठव्या वर्षी फ्रॉक हवा असतो. फ्रॉक घेऊन द्या. पुढच्या वर्षी, आणि त्याच्याही पुढच्या वर्षी ती फ्रॉक सोडून बाकीचं मागत असेल तर मग तिघं बसून बोला, आणि तेव्हा "अठरा वर्षांची हो मग बघू" म्हणू नका.

आणि सासूबाईंना आत्ताचं 'नाही' सांगायचं ते नवऱ्याने सांगायचं, तू नाही. वसईला जाऊन, समोर बसून, फॅमिली ग्रुपवर नाही. तू तेवढा वेळ लेकीला घेऊन मागे वाडीत जा, विहिरीपाशी बसा, आतून हाक येईपर्यंत.